नाताळात मुंबई ते गोवा रेल्वेने: आरक्षणापासून उतरण्यापर्यंत

नाताळात मुंबईहून गोव्याला रेल्वेने जायचं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या सकाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आली आणि प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे 23 डिसेंबरला सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण 24 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता उघडतं, 24 डिसेंबरचं 25 ऑक्टोबरला आणि परतीच्या 1 जानेवारीचं 2 नोव्हेंबरला. हे दिवस दिवाळीच्या मागेपुढे येतात. फराळाच्या गडबडीत ते हातचे निसटतात, म्हणून मी ते गणपतीतच कॅलेंडरवर लिहून ठेवते.

तारखेचा घोळ सर्वांत जास्त लोकांना बाधतो. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते आणि सावंतवाडीपर्यंतच जाते. 23 च्या रात्री निघायचं म्हणून 23 तारीख टाकली, तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. तिकीट 24 चं हवं. कोकणकन्या सीएसएमटीहून 23:05 ला सुटते आणि पनवेल येईपर्यंत तारीख बदलते. तिथून चढणाऱ्याच्या तिकिटावर पुढची तारीख पडते, पण साठ दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या दिवसापासून. परतीला तिरुवनंतपुरमहून येणारी नेत्रावती मडगावला दुसऱ्या दिवशी पोचते, तेव्हा तिचं आरक्षणही मडगावच्या तारखेच्या हिशेबाने एक दिवस आधी उघडलेलं असतं. हे ठाऊक नसेल तर आपण आठ वाजता ताजेतवाने बसतो आणि समोर प्रतीक्षायादी दिसते.

त्या सकाळची तयारी आदल्या दिवशीच करायची. 1 ऑक्टोबर 2025 पासून आरक्षण उघडतं त्या क्षणी आयआरसीटीसी या रेल्वेच्या तिकीट-संकेतस्थळावरच्या फक्त आधार पडताळलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं, तेव्हा पडताळणी आधी पुरी करा. प्रवाशांची नावं आणि वयं खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, कारण आठनंतर नावं टाइप करण्यात जागा जातात. एका तिकिटावर सहा जण बसतात. सात-आठ जणांचं कुटुंब असेल तर दोन खात्यांवरून दोन माणसांनी एकाच वेळी काढावं. पहिलं तिकीट पुरं करून दुसऱ्याला हात घालेपर्यंत डबा भरतो. पैशांसाठी मी संकेतस्थळाच्याच वॉलेटमध्ये रक्कम आधी भरते, कारण गर्दीच्या वेळी यूपीआयची मंजुरी अडकते. पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर रक्कम आपोआप परत येते. त्या क्षणी तिच्यामागे न लागता नव्याने तिकीट काढा.

प्रतीक्षायादी मिळालीच तर आकड्याआधी तिचा प्रकार बघा. जीएनडब्ल्यूएल ही बहुतेक मूळ स्थानकावरून लांब पल्ल्याच्या तिकिटांची यादी, आणि ती सर्वांत जास्त पुढे सरकते. पीक्यूडब्ल्यूएल मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्यातली. तिथे जागा मुळात थोड्या, त्यामुळे वीसच्या आतला आकडाही अडकून बसतो. म्हणूनच कुडाळ किंवा थिवीला उतरायचं असलं तरी सीएसएमटी ते मडगाव असं पूर्ण अंतराचं तिकीट मिळतं का, ते मी आधी पाहते. भाड्यातला फरक थोडा असतो, अलीकडे उतरायला हरकत नसते. मात्र गाडीत चढायचं ठाण्याला असेल तर बोर्डिंग पॉइंट तिकीट काढतानाच ठाणे टाका. टाकला नाही आणि सीएसएमटीला कोणी बसलंच नाही, तर जागा दुसऱ्याला जाऊ शकते.

तत्काळ हा शेवटचा दरवाजा. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी 10, स्लीपरसाठी 11. एका तिकिटावर चारच जण, आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर परतावा शून्य. ऑनलाइन तत्काळला जुलै 2025 पासून आधार लागतं, ओटीपी येतो, म्हणून फोनला नेटवर्क असलेल्या जागीच बसा. हेही हुकलं तर चार्ट, म्हणजे गाडी सुटण्याआधीची प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावर रिकाम्या जागा बघा. या उरलेल्या जागांच्या विक्रीत, म्हणजे करंट बुकिंगमध्ये, नाताळात पूर्ण अंतर क्वचितच मिळतं, पण रत्नागिरीपुढच्या तुकड्यात एखादी जागा निघते. ई-तिकिटावरचे सगळेच प्रवासी प्रतीक्षेत राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होतं. ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही.

शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या विशेष गाड्या साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाहीर होतात. त्यांत जागा असतात, भाडं बहुधा चढं असतं. रोहा ते वीर दुपदरी मार्ग 2021 मध्ये झाला, पण त्यापुढे बहुतेक एकच रूळ आहे. समोरच्या गाडीला वाट द्यायला कोणीतरी क्रॉसिंगला थांबावंच लागतं, आणि थांबण्याची पाळी बहुतेकदा विशेष गाडीवर येते. तिने जाणाऱ्यांनी पुढची बस किंवा विमान जोडून घेऊ नये. पाणी आणि दोन वेळचं खाणं बरोबर असावं, कारण बऱ्याच विशेष गाड्यांना पँट्री, म्हणजे गाडीतलं स्वयंपाकघर, नसते.

दिवसाचा प्रवास जमत असेल तर माझा कौल मांडवी एक्सप्रेसला. सीएसएमटीहून सकाळी 7:10 ला सुटते आणि संध्याकाळी मडगाव. वेळ जास्त लागतो, पण डिसेंबरात तोच तिचा गुण. पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं, हवा धुवून निघालेली, चिपळूणला वाशिष्ठी निळी दिसते. रत्नागिरीआधी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, रत्नागिरीनंतर 64 मीटर उंचीचा पानवल पूल; तो डोळ्यांदेखत निसटू नये म्हणून रत्नागिरी सुटताच दाराजवळच्या खिडकीशी यावं, दारात मात्र उभं राहू नये. मांडवीची पँट्री ही तिची ख्याती आहे. कटलेट, सूप, चिकन लॉलीपॉप असं काही ना काही सतत फिरत असतं, आणि गरम शिरा आला की डब्यातली अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. मडुरे सोडून गाडी पेडण्याला शिरली की घरांच्या ओट्यांवर कागदी नक्षत्रं, म्हणजे नाताळचे चांदणीच्या आकाराचे कंदील, टांगलेली दिसू लागतात. पेटलेली नक्षत्रं बघायची असतील तर गाडी जरा उशिरा धावली तरी वाईट वाटत नाही.

उतरायचं कुठे, ते मुक्कामावरून ठरवा. म्हापसा, कळंगुटकडे जायचं तर थिवी, जुनं गोवें, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव, पाळोळ्याला काणकोण, तिथे मात्र सगळ्या गाड्या थांबत नाहीत. 24 च्या रात्री स्थानिक बस लवकर बंद होतात आणि चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेमुळे, म्हणजे मिसेमुळे, टॅक्सीवाले आधीच ठरलेले असतात. अंधार पडल्यावर पोचणार असाल तर मुक्कामाच्या घरमालकांनाच टॅक्सी ठरवायला सांगा. मिसेला जायची इच्छा असेल तर चर्चपासून चालत जाता येईल असं ठिकाण घ्यावं. खांदे झाकणारे कपडे घालावेत आणि मागच्या बाजूला उभं राहावं.

परतीचा प्रवास जास्त अवघड. जाताना लोक आठवडाभर विभागून जातात, येताना सगळ्यांना शाळा-ऑफिस उघडण्याआधीचेच दोन दिवस हवे असतात. मी परतीचं तिकीट आधी बघते आणि त्यावरून जाण्याची तारीख ठरवते. 31 डिसेंबरच्या गाड्यांवर ताण त्यामानाने कमी असतो. बसने येणार असाल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्र शासनाच्या 2018 च्या निर्णयाप्रमाणे खाजगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो जपून आरटीओकडे तक्रार करता येते. येताना बेबिंका ही थरांची गोवन मिठाई घ्यायची तर पूर्ण थंड झालेली, न कापलेली घ्या. दोदोल हा गोवन गोड पदार्थही डब्यात घट्ट भरला की रात्रभराच्या प्रवासाला टिकतो. नेवऱ्या, म्हणजे गोव्याच्या करंज्या, मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा, बर्थखालच्या बॅगेत त्यांचा चुरा होतो.