नॅचेझ ट्रेसवर बी अँड बीचे मुक्काम : माझा अनुभव

नॅचेझ ट्रेस पार्कवे म्हणजे मिसिसिपीतल्या नॅचेझपासून टेनेसीत नॅशव्हिलच्या वेशीपर्यंत जाणारा 444 मैलांचा रस्ता. त्यातले 309 मैल मिसिसिपीत, 33 अलाबामाच्या कोपऱ्यातून आणि 102 टेनेसीत. रस्ता नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात असल्यामुळे त्यावर ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, टोल नाही. पेट्रोल पंप आणि हॉटेलही नाही. रात्रीच्या मुक्कामासाठी रस्ता सोडून आजूबाजूच्या गावात उतरावं लागतं, आणि या गावांची खरी ओळख जुन्या घरांमधल्या बी अँड बीमध्येच (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे घरातली खोली आणि सकाळची न्याहारी) होते. पण हॉटेलच्या सवयीने बुकिंग केलं की पंचाईत होते. इथे चोवीस तास उघडं रिसेप्शन नसतं. आपण कुणाच्या तरी घरी उतरत असतो आणि त्या घराचं वेळापत्रक आपला दिवस ठरवतं.

म्हणून आखणी चेक-इनच्या वेळेपासून उलट करत यायची. बहुतेक ठिकाणी ही वेळ दुपारी 3 ते 6 असते. पार्कवेवर वेगमर्यादा बहुतांश 50 मैल, काही टप्प्यांवर 40, आणि रेंजर ती काटेकोरपणे पाळायला लावतात. म्हणजे 180 मैलांना नुसती गाडी चालवण्याचेच साडेतीन तासांहून जास्त होतात. थांबे, जेवण आणि पेट्रोलसाठी खाली उतरणं धरलं तर सहा-सात तास सहज जातात. मी मुक्काम असे टाकते: नॅचेझला दोन रात्री, मग 160 ते 180 मैलांच्या पट्ट्यात कोझियस्को किंवा फ्रेंच कॅम्प, मग 260च्या आसपास टुपेलो आणि शेवटी 428च्या जवळ लीपर्स फोर्क. मधला टप्पा मुद्दाम लहान ठेवते, कारण पहिला आणि शेवटचा लांब आहेत. माईलपोस्टचे, म्हणजे रस्त्याकडेच्या मैलांच्या खुणांचे, आकडे नॅचेझहून सुरू होतात, त्यामुळे यजमानांना "आम्ही 122 वर आहोत" एवढं सांगितलं तरी आपण किती वेळात पोचू ते त्यांना कळतं. हा 122 म्हणजे सायप्रसच्या झाडांची दलदल. तिथे लाकडी पुलावरून फिरायला अर्धा तास राखून ठेवा.

पुष्कळ टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. उशीर होणार असेल तर रेंज असेल तिथूनच कळवायचं आणि दाराचा कोड आधीच मागून घ्यायचा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. अंधार पडण्यापूर्वी खाली उतरलेलं बरं. दुरुस्तीसाठी काही भाग बंद करून वाहतूक वळवतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्क सर्व्हिसच्या सूचना पाहून घ्याव्यात.

बुकिंग मी फोनवरच करते. फोटोत खोली सुंदरच दिसते, पण फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीच नंतर नडतात. पहिला प्रश्न बाथरूमचा. "प्रायव्हेट बाथ" म्हणजे खोलीला लागून असेलच असं नाही. बोळाच्या टोकाला, पण फक्त तुमच्या वापरासाठी, असाही त्याचा अर्थ होतो. दुसरा प्रश्न मजल्याचा. या घरांत लिफ्ट नसते आणि वरचे जिने अरुंद आणि चढे असतात. मोठी बॅग गाडीत ठेवून एका रात्रीपुरती पिशवी वर न्यायची. तिसरा पलंगाचा. जुन्या चार खांबी पलंगांची चौकट बऱ्याचदा 54 इंची गादीची असते. दोघांना ती अडचणीची होते, तेव्हा 60 इंची क्वीन आहे का ते विचारा. पलंग इतके उंच असतात की चढायला शेजारी छोटं लाकडी स्टूल ठेवलेलं असतं. रात्री उठताना ते पायात येतं, म्हणून झोपण्यापूर्वी बाजूला सरकवायचं. खोलीत दोनच माणसं, जादा खाट नाही आणि बारा वर्षांखालची मुलं नकोत, हेही नियम बऱ्याच घरांत असतात. मुलं बरोबर असतील तर मागच्या अंगणातलं स्वतंत्र कॉटेज मिळतं का पाहा.

पंजाच्या पायांवर उभा असलेला आंघोळीचा जुना टब हे या घरांचं वैभव आणि घसरण्याचं ठिकाणही. बिडाचा, आतून एनॅमलचा, खाली चार पंजे आणि काठ जवळजवळ गुडघ्याच्या वर. शॉवर नंतर बसवलेला असतो आणि भोवती गोल कड्यावर पडदा. पडद्याची खालची कड टबाच्या आत घेतली नाही तर पाणी थेट लाकडी जमिनीवर उतरतं, आणि ते पुसायला आपणच असतो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर उभ्याने आंघोळ करता येईल असा, उंबऱ्याशिवायचा शॉवर मागून घ्या. गरम पाण्याचं गणितही लक्षात ठेवा. लहान घरात टाकी घरगुती मापाची असते. न्याहारी साडेआठला असली की सगळ्या खोल्या एकदमच आंघोळीला उठतात आणि शेवटच्याच्या वाट्याला कोमट पाणी येतं. मी रात्रीच आंघोळ उरकते.

आता न्याहारी. शाकाहारी माणसाने सर्वांत जास्त काळजी इथे घ्यायची. "व्हेजिटेरियन" एवढं सांगून भागत नाही, कारण दक्षिणेत डुकराची चरबी आणि कोंबडीचं पाणी हे चवीसाठी घालायचे जिन्नस आहेत, त्यांना कुणी मांसाहार मानेलच असं नाही. बिस्किटांच्या (इथे बिस्किट म्हणजे मऊ, पावासारखा प्रकार) पिठात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं. ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, चिकन ब्रॉथमध्ये शिजवलेल्या असू शकतात. बिस्किटांवरची पांढरी ग्रेव्ही बहुधा सॉसेजच्या चरबीतच केलेली असते. म्हणून मी पदार्थांची नावं न घेता एकेक जिन्नस सांगते: मांस, मासे, बेकन नको, लार्ड नको, चिकन ब्रॉथ नको, लोणी, दूध, चीज चालेल, अंडं चालतं की नाही ते वेगळं. हे बुकिंगच्या वेळी सांगायचं आणि पोचण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा. ब्रेड, अंडी, चीज आणि सॉसेजचं कॅसरोल बऱ्याच घरांत आदल्या रात्री रचून फ्रिजमध्ये ठेवतात आणि सकाळी नुसतं भट्टीत सरकवतात. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर त्यातून सॉसेज काढता येत नाही, मग आपल्यापुढे फळं आणि टोस्ट येतात. आधी कळवलं तर यजमान मनापासून वेगळं करून देतात, हा माझा जवळजवळ सगळीकडचा अनुभव.

ग्रिट्स जात्यावर भरडलेल्या असतील तर एका वाटीला चार वाट्या पाणी किंवा दूधपाणी आणि मंद आंचेवर पाऊण ते एक तास. पाच मिनिटांत होणारा पाकिटातला प्रकार पिठूळ लागतो. चांगल्या ग्रिट्स चमच्यावरून संथपणे घसरतात, कणी दाताखाली मऊ लागते पण पूर्ण विरघळत नाही. मीठ, लोणी आणि तीक्ष्ण चीज घालून त्या अप्रतिम होतात. या रस्त्याला हे अन्न जुनंच आहे. ओहायो खोऱ्यातले नावाडी माल घेऊन नदीतून खाली यायचे आणि याच वाटेने चालत घरी परतायचे, तेव्हा वाटेवर पन्नासहून जास्त "स्टँड" म्हणजे मुक्कामाची घरं होती. त्यांतलं 15.5 माईलपोस्टवरचं माउंट लोकस्ट तेवढं उरलं आहे. तिथे 25 सेंटांत मक्याची लापशी, दूध आणि व्हरांड्यात किंवा अंगणात पाठ टेकायला जागा मिळायची. पहिल्या दिवशी हे घर चुकवू नका.

नॅचेझमध्ये आणखी एक गोष्ट मी आवर्जून विचारते: मुख्य घराऐवजी मागच्या इमारतीत खोली देत असाल तर ती इमारत मुळात काय होती? पुष्कळदा ते जुनं स्वयंपाकघर किंवा गुलामांची राहण्याची जागा असते. ज्या घरांत हे मोकळेपणाने सांगतात तिथे मी परत जाते. कापसाच्या पैशातून उभी राहिलेली ही घरं कुणाच्या कष्टांवर उभी आहेत हे झाकून नुसती झुंबरं दाखवणाऱ्या ठिकाणी मन रमत नाही. गावातली फोर्क्स ऑफ द रोड ही गुलामांच्या बाजाराची जागाही पाहावीच.

मार्च-एप्रिलमध्ये नॅचेझला स्प्रिंग पिलग्रिमेज असतं. 1932 पासून या काळात जुनी घरं तिकीट लावून पाहायला उघडतात. तेव्हा खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात, दोन रात्रींची अट लागते, आणि काही घरं स्वतःच दौऱ्यात असल्यामुळे दिवसा खोली मोकळी करून द्यावी लागते. ऑक्टोबरचा शेवट मला जास्त आवडतो.

पैशांचं म्हणाल तर सांगितलेल्या दरात कर नसतो. मिसिसिपीत विक्रीकर 7 टक्के, म्हणजे 180 डॉलरच्या खोलीवर 12.60 डॉलर, आणि त्यावर गावाचा मुक्काम-कर वेगळा. बहुधा एका रात्रीचे पैसे आगाऊ घेतात आणि सात ते चौदा दिवस आधी रद्द केलं तरच परत करतात. ही अट ईमेलवर लिहून मागा. घर स्वतः चालवणाऱ्या मालकांना टिप देत नाहीत, खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोजचे तीन ते पाच डॉलर ठेवावेत.

रात्रीचं जेवण यात नसतं. लहान गावात रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंट बंद असतात, उघडी असली तरी आठला आवरतात. चेक-इन करतानाच कुठे काय उघडं आहे ते विचारून आधी जेवून घ्यायचं. आणि ज्या दिवशी लांबचा टप्पा आहे त्याच्या आदल्या संध्याकाळी न्याहारी लवकर देता का ते विचारायचं. नाही जमलं तर यजमान बिस्किटं, जॅम आणि फळं बांधून देतात. ती डबी घेऊन साडेसातला निघालं तर दुपारच्या आत अमेरिकेच्या पश्चिम भागाची शोधमोहीम करणाऱ्या मेरिवेदर लुईसच्या थडग्यापाशी, 385.9 वर, झाडाखाली बसून खाता येतं.