फ्रिजवरचा भिकारी

सकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना माझ्यामागे फ्रिज दिसला आणि ते म्हणाले, "हे कसलं भिकाऱ्याचं चित्र लावलंयस घरात, काढ बघू ते." बस, एवढंच. मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं एचिंग आहे ते, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेला छाप, 1630चं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर फुकट मिळतं, म्हणून मूळ मापातच प्रिंट काढली होती, जेमतेम 12 सेंटिमीटर उंच. मातीच्या उंचवट्यावर बसलेला भिकारी, अंगावर चिंध्या, तोंड उघडं, एक हात पुढे. आणि चेहरा रेम्ब्रांटचा स्वतःचा. त्याच वर्षी तो आरशात बघून निरनिराळे चेहरे करायचा आणि तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा. भिकाऱ्यांची चित्रं त्याच्याआधी झाक कालो या चित्रकाराने केलेली, 1622-23च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या नान्सीमध्ये, 25 चित्रांची आख्खी मालिका. त्यातले बरेचसे लोक नुसते उभे असतात, मागे बहुतेक कोरा कागद, जणू ते कुठून आले आणि कुठे जाणार याच्याशी कुणाला देणंघेणंच नाही. मला ती आवडायची. रेषा काय सुंदर आहेत म्हणून झूम करकरून बघत बसायचे.

आता नाही बघवत.

गेल्या आठवड्यात दादाकडे पैसे मागितले. मेसेज चार वेळा लिहिला, पुसला. त्याने दोन मिनिटांत पाठवले, वर "असू दे गं" म्हणाला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वहिनीला माहीत असेल का, हे तर... जाऊ दे. पण हात पुढे करताना तोंड असंच उघडं राहतं का, काही बोलायचं असतं आणि शब्द फुटत नाही असं? हे रेम्ब्रांटला 24व्या वर्षी कसं कळलं? दिवाळं तर त्याचं 1656मध्ये निघालं, फार नंतर.

दुपारी रेम्ब्रांटचं 1648चं एचिंग उघडून बघितलं, दारात भीक घेणाऱ्या कुटुंबाचं. बाईच्या पाठीवर बाळ, दारातला म्हातारा तिच्या हातावर नाणं ठेवतोय. मी नेहमी बाळ बघायचे. आज फक्त ते दोन हात बघितले, एकमेकांच्या इतके जवळ की त्या क्षणी देणारा कोण आणि घेणारा कोण हे नाण्यावरूनच कळावं. बराच वेळ बघत होते. मग जरा हलकं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही, पण दादाचा हातही असाच जवळ आला असेल, मी मान खाली घातली होती म्हणून दिसला नाही.

संध्याकाळी दादाला फोन केला. पैशांचं बोललो नाही, आईच्या गुडघ्याचं बोललो, अर्धा तास.

चित्र फ्रिजवरून काढलेलं नाही. पुढच्या रविवारी बाबांचा कॉल आला की खिडकीकडे तोंड करून बसेन.