शनिवारी तोर्डा-पणजी, रविवारी मंगेशी-मडगाव : आत्याबरोबरचे दोन दिवस

माझी आत्या पुण्यात राहते. वय अडुसष्ट. तिचे शनिवार-रविवार बालगंधर्व आणि भरत नाट्य मंदिर या दोन ठिकाणी जातात. तरुणपणी तिने हौशी मंडळींच्या संगीत नाटकांत कामं केली आहेत. गेली पंधरा वर्षं ती आमच्याकडे साखळीला येते, देवदर्शन करते, मासे खाते आणि परत जाते. या जानेवारीत आल्या आल्या म्हणाली, "अरे, तुमच्या गोव्यात लोक सुट्टीच्या दिवशी बघतात काय, ऐकतात काय? या खेपेला मला ते दाखव." समुद्र नको, नदीतली बोट नको. बरोबर तिचा नातू होता, कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेला. दोन दिवसांत काय जमलं आणि काय चुकलं ते लिहितो. गोव्यात पाहुणे घेऊन फिरणाऱ्यांना आणि सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना उपयोग व्हावा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आमचा अर्धा शनिवार तिच्यामुळे वाया जाणार होता. गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चार ही वेळ झोपेची आहे. दुकानं बंद, बऱ्याच ठिकाणची दालनंही बंद. पणजीतल्या एका खाजगी कलादालनासमोर आम्ही दीड वाजता उन्हात उभे राहिलो आणि कुलूप बघून परतलो. आत्याचे गुडघे दुखतात, तिला ती पायपीट जड गेली. चूक माझीच, मी इथला असून फोन करून वेळ विचारली नव्हती. तेव्हा सकाळची पाहणी साडेबाराला संपवा, जेवा, आडवे व्हा आणि चारनंतर पुन्हा निघा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून जोडून सुट्टी घेणार असाल तर शुक्रवार घ्या.

शनिवारी सकाळी डिचोली, म्हापसा करत पर्वरीजवळच्या तोर्ड्याला गेलो. 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी रस्त्यांच्या मधल्या बेटावर बांधलं आहे. लांबून एखादं गलबत चिखलात रुतल्यासारखं दिसतं. आत गोव्याच्या घरांची गोष्ट आहे : बल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, शिंपल्यांच्या खिडक्या, खांब, दारं, कुलपं. काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या त्या खिडक्यांपाशी नातू अर्धा तास बसून रेखाटत होता. आत्याला मजले चढणं कठीण गेलं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खालचा भाग निवांत बघावा आणि जवळच्याच व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या दालनात जावं. मारियो (१९२६-२०११) लोटलीचे. त्यांच्या चित्रातला बाजार, बस, लग्नाची वरात बघताना आत्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून "ही बघ, ही तर आपल्या शेजारची" म्हणत होती.

तिथून पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत 'म्युझियम ऑफ गोवा' आहे. डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेले सुबोध केरकर यांनी ते २०१५ मध्ये सुरू केलं. कारखान्यांच्या मधे आहे, त्यामुळे पाटी नीट बघत जा. समुद्र, होड्या, शिंपले, मिरी, मिरची अशा वस्तूंतून गोव्याचा इतिहास मांडला आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली हे आपण पुस्तकात वाचतो, इथे ती माणसाच्या उंचीपेक्षा मोठी होऊन समोर येते. तिकीट आहे. रविवारी सकाळी तिथे बरेचदा व्याख्यानं असतात. ज्यांना ऐकायला आवडतं त्यांनी माझा क्रम उलटा करून पिळर्ण रविवारी ठेवावं.

पणजीत गाडी पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा आणि विसरून जा. शहर लहान आहे. आझाद मैदानाजवळ इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशांवर कामोइंश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. वीस मिनिटं पुरतात, पण मान वर करून सगळ्या भिंती बघा. मग चालत जुन्या सचिवालयापर्यंत, म्हणजे आदिलशहाच्या वाड्यापर्यंत. शेजारी अ‍ॅबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनाच्या अभ्यासातलं हे मोठं नाव, जन्म कांदोळीचा, १७५६ चा. फोन्तेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत आम्ही चारनंतर गेलो. तिथे रंगीत घरांसमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. ती राहती घरं आहेत, पायऱ्यांवर बसू नका, खिडकीतून आत कॅमेरा धरू नका. तिथल्या लोकांना याचा खरंच त्रास होतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं. त्याऐवजी याच भागातल्या फुन्दासांव ओरिएन्त या संस्थेत आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत का दाखवायला, ते आधी फोन करून विचारा. त्रिंदाद (१८७०-१९३५) सांग्याचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवत. त्यांच्या व्यक्तिचित्रांतला प्रकाश चित्रकलेच्या मुलाला दाखवावा असा आहे.

संध्याकाळ कला अकादमीत. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी काम्पालला मांडवीच्या काठी बांधलेली ही इमारत मला गोव्यात सगळ्यात जवळची आहे. शाळेत असताना नाट्यस्पर्धेसाठी गावच्या मंडळाच्या सामानाच्या टेंपोत बसून मी पहिल्यांदा इथे आलो. रस्त्यावरून आत शिरलात की मांडवीपर्यंत सरळ चालत जाता येतं, तिकीट नसलं तरी. मुख्य नाट्यगृहाचं नाव दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. आत भिंतींवर मारियोंनी रंगवलेले प्रेक्षक बसले आहेत, सज्जांतून डोकावणारे. दिवे मंद झाले की क्षणभर खरे वाटतात. दुरुस्तीसाठी बंद राहून हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुन्हा उघडलं, तेव्हा कितीतरी लोक नुसते बसायला म्हणून आले होते.

त्या दिवशी एका तरुण गायिकेचं गाणं होतं. यमन सुरू झाला आणि आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली ती शेवटपर्यंत. इथे येणाऱ्यांनी वर्तमानपत्रातलं 'आजचे कार्यक्रम' हे सदर आदल्या दिवशी बघावं. अनेक कार्यक्रम विनामूल्य असतात, वेळेवर सुरू होतात, आणि पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी ठेवलेल्या असतात. वातानुकूलन कडक आहे, शाल न्या. नोव्हेंबरात सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाचा संगीत समारोह होतो. गाण्यासाठी येणार असाल तर महिना तोच धरा. फक्त तारखा बघा, कारण त्याच महिन्यात २००४ पासून पणजीत चित्रपट महोत्सव भरतो आणि खोल्यांचे भाव चढतात.

रविवारी सकाळी साखळीहून फोंड्याच्या दिशेने, आधी मंगेशीला. ही आत्याची इच्छा. दीनानाथांचा जन्म इथला, १९०० चा. पंडित जितेंद्र अभिषेकीही याच गावचे. त्या बाजूला केरी म्हणजे केसरबाईंचं गाव. त्यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर तबकडीवर अवकाशात गेला. काय माती असेल या फोंड्याची, असं आत्या दीपस्तंभाखाली उभी राहून म्हणाली आणि अगदी हळू आवाजात एक नाट्यपद गायली. मी ते पूर्ण ऐकलं, मधे फोन वाजला तरी घेतला नाही. देवळात आखूड कपडे चालत नाहीत. बाहेरच्या हॉटेलांत शाकाहारी जेवण मिळतं. रविवारी अकराच्या आत पोहोचा, नंतर बस भरभरून माणसं येतात.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते : तियात्र, म्हणजे गोव्यातलं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक.

गोव्यात राहणारे आम्ही बरेच मराठी लोक तियात्र बघत नाही. जात्रेतली नाटकं बघतो, दशावतारी काला बघतो, तियात्र मात्र 'त्यांचं' म्हणून सोडून देतो. मी स्वतः चाळिशीपर्यंत एकही पाहिलं नव्हतं, आणि ते माझं मोठं नुकसान होतं. पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झालं. लुकाझिन रिबेरो नावाच्या गोमंतकीयाने तिथे आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीत काम केलं होतं, त्यातून त्याला हे सुचलं. मुंबईत बोटीवर, स्वयंपाकघरांत, बँडमध्ये काम करणारे गोंयकार हे त्याचे प्रेक्षक. जुआंव आगुस्तिन फेर्नांदिश यांनी पुढे त्याला वळण दिलं, म्हणून त्यांना 'पाय तियात्रिस्त', तियात्राचे बाप म्हणतात. मडगावच्या रवींद्र भवनातलं मुख्य नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. गाडीत हे सांगत होतो तेव्हा आत्याने लगेच हिशेब केला, "किर्लोस्करांचं संगीत नाटक १८८० चं. म्हणजे हे बारा वर्षांनी धाकटं भावंड."

मडगावला आम्ही साडेतीनचा खेळ धरला. दुसरा बहुधा संध्याकाळी सातला असतो. नाट्यगृह भरलेलं, आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खी कुटुंबं, बरेच जण चर्च आटोपून, जेवून थेट आलेले. रंगमंचासमोर जिवंत बँड : ट्रंपेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, ड्रम. सुरुवातीच्या गाण्यातच ट्रंपेट असा चढला की नातू उठून वादक बघायला लागला.

रचना समजून घेतली तर गोंधळ होत नाही. कथा 'पडद्यां'मध्ये, म्हणजे प्रवेशांमध्ये पुढे जाते. एक पडदा संपला की मागे नेपथ्य बदलतं आणि पुढे गायक येऊन 'कांतारां' म्हणतात. या गाण्यांचा कथेशी संबंध नसतो. एखादं आईवर, एखादं जमिनी विकण्यावर, एखादं थेट सरकारवर. प्रत्येक कडव्याच्या शेवटी टोला असतो आणि तिथे शिट्ट्या. गाणं आवडलं तर माणसं गायकाला सोडत नाहीत, त्याला परत यावं लागतं, आणि तो जास्तीचं कडवं तयार ठेवूनच आलेला असतो. आत्याला हे 'वन्स मोअर' बघून भरून आलं. पुण्यात तिच्या लहानपणी असं व्हायचं, म्हणाली. कथा घराच्या वाटणीची आणि परदेशी गेलेल्या मुलाची होती. विनोदी नट आला की सगळं सभागृह हलत होतं, आणि पुढच्याच प्रवेशात शेजारच्या बाई रुमाल काढून बसल्या.

भाषेची भीती बाळगू नका. साष्टीची, म्हणजे मडगावकडची कोकणी वेगात असते, पोर्तुगीज शब्द बरेच, पण पंधरा मिनिटांत कान बसतो. त्या शेजारच्या बाईंनी मध्यंतरात विचारलंच, "समजता मगो तुमकां?" आत्या म्हणाली, "शब्द सुटतात, पण रडायला आलं बघा." त्यांनी आपल्या पिशवीतलं पॅटीस काढून दिलं, आणि मग उरलेला वेळ राजकीय गाण्यांतली नावं कोणाची ते तिच्या कानात सांगत राहिल्या. ती मदत नसती तर दोन-तीन गाण्यांचा अर्थ आम्हाला लागलाच नसता. म्हणून जमलं तर जाण्याआधी इथलं वर्तमानपत्र आठवडाभर वाचून जा.

तिकिटाचं सांगायचं तर जाहिराती आणि फलक रोमी, म्हणजे रोमन लिपीत असतात, मोठ्याने वाचले की कळतात. नाट्यगृहाच्या खिडकीवर सकाळी तिकीट काढून ठेवा, सुटे पैसे न्या. खेळ अडीच-तीन तासांचा असतो. बँड मोठा वाजतो, कानाला त्रास होणाऱ्यांनी मागची रांग घ्यावी. नवीन झुआरी पुलामुळे पणजी-मडगाव हे सुमारे ३३ किलोमीटर आता पूर्वीसारखे अडकत नाहीत. गाडी नसेल तर पणजी बसस्थानकावरून कदंबची मडगाव शटल घ्या, तिकीट आत चढण्याआधी खिडकीवर मिळतं. पण मग साडेतीनचाच खेळ बघा. अंधार पडल्यावर बस विरळ होतात आणि रात्री दहाला मडगावहून साखळीकडे यायला काही नसतं. जवळच्या अंतरासाठी पायलट, म्हणजे मोटारसायकलवाले, सगळ्यात सोयीचे. भाडं बसण्याआधी ठरवा. भाड्याची दुचाकी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची भाड्याने घेणं बेकायदा आहे.

महिना निवडताना एक लक्षात असू द्या. इस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत तियात्रं जवळपास थांबतात आणि इस्टरच्या रविवारी नवी सुरू होतात. परतीच्या वाटेवर बोरीच्या पुलाशी पोहोचेपर्यंत आत्याने नातवाला भ्रमणध्वनीत इस्टरची तारीख बघायला सांगितली होती. तिचं पुण्याहून येण्याचं आरक्षण झालं आहे. शेजारच्या बाईंसाठी ती चितळ्यांची बाकरवडी आणणार आहे. त्या मडगावच्याच आहेत, पहिल्या रविवारचा खेळ चुकवत नाहीत असं म्हणाल्या होत्या.