हेलसिंकीचे कातळातील चर्च: टॅक्सी करू नये, वर चढू नये

टेम्पेलिआउकिओ चर्चला जाणाऱ्यांनी बंदरावरून टॅक्सी करू नये, हे आधी सांगतो. फेब्रुवारीत एस्टोनियाची राजधानी टालिनहून दोन तासांच्या बोटीने आम्ही दोघे हेलसिंकीत उतरलो आणि जेमतेम तीन किलोमीटरसाठी ४६ युरो मोजले. हुज्जत घालायला गेलो, तेव्हा चालकाने शांतपणे काचेवरच्या दरपत्रकाकडे बोट दाखवले. फिनलंडमध्ये २०१८ पासून टॅक्सीचे भाडे खुले आहे; ज्याचा त्याचा दर वेगळा असतो आणि तो बसण्यापूर्वी वाचणे आपले काम. बंदराबाहेर ट्राम उभी होती, ती आम्ही पाहिलीही होती.

उतरल्यावर चर्च दिसतच नाही. चहूबाजूंना निवासी इमारती, मधे कातळाचा उंचवटा. मनोरा नाही, घंटाही नाही, घंटानाद ध्वनिमुद्रित आहे. घुमट पाहण्यासाठी लोक कातळावर चढतात, म्हणून आम्हीही चढलो. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला ती चढण चढण वाटतच नाही, आणि तिथेच घात होतो. कारण वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा थर इतका पातळ असतो की कातळ नुसता ओला दिसतो. वीस पावलांचे अंतर मी बसून, हातमोजे घासत, दहा मिनिटांत उतरलो. बुटांना खिळ्यांचे पट्टे नसतील, तर हिवाळ्यात या भानगडीत पडू नये. वरून दिसते ते फारसे काही नाही.

जे आहे ते आत आहे. आम्ही माणशी ८ युरो दिले आणि ते वसूल झाले. टिमो व टुओमो सुओमालाइनेन या वास्तुविशारद बंधूंनी १९६१ मध्ये स्पर्धा जिंकली आणि १९६९ मध्ये हे ल्युथरन (प्रोटेस्टंटांतील एक पंथ) चर्च खुले झाले. कातळ सुरुंगांनी फोडून भिंती तशाच ओबडधोबड ठेवल्या आहेत, कारण त्यांवर आवाज उत्तम खुलतो. जवळ गेल्यास सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या खोबणी दिसतात, बोट बसेल एवढ्या. वर तांब्याच्या पट्टीचा घुमट, त्याभोवती १८० खिडक्या. वेदीच्या मागे चित्र नाही, कातळच आहे.

प्रार्थना, लग्न किंवा संगीताची तालीम असेल तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून त्याच दिवशीची वेळ चर्चच्या संकेतस्थळावर पाहूनच निघावे. रविवारी सकाळी तर जाऊच नये. आम्ही न पाहता गेलो आणि पाऊण तास थंडीत उभे राहिलो. परतताना ट्रामने बंदर गाठले. दोघांचे मिळून दहा युरोही लागले नाहीत.