उतार शोधत फिरलेला रविवार

रविवार, रात्री

मावशीकडे बेलापूरला जेवायला जायचं होतं. मामाला नौपाड्यातून घेतलं तेव्हा माझी जुनी पद्मिनी, म्हणजे फियाट, एका सेल्फमध्ये सुरू झाली होती. कळव्याचा पूल, विटावा, सगळं मजेत पार पडलं. रबाळ्याजवळ पेट्रोल भरायला वळले, पंपावर इंजिन बंद केलं, टाकी भरून झाली, चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं ‘टक्’ आलं. परत फिरवली, परत टक्. मागच्या टेम्पोवाल्याने लगेच हॉर्नवर हात ठेवला.

गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला ढकलली. मामा म्हणाला, “हेडलाइट लाव आणि मग चावी फिरव.” त्याची सगळी नोकरी याच पट्ट्यातल्या कारखान्यांच्या मेन्टेनन्समध्ये गेली, त्यामुळे बिघाड दिसला की त्याचा आवाज दहा वर्षांनी तरुण होतो. चावी फिरवताना दिवे एकदम विझायला आले तर बॅटरी उतरलीय, टर्मिनल सैल आहे किंवा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, अडकलाय. सेल्फ दीड-दोनशे अँपिअर ओढतो, एवढा भार पडल्यावर दिवे मंद होणारच. आमचे दिवे जराही हलले नाहीत. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण सेल्फ करंट ओढतच नाहीये. सेल्फच्या आत करंट पोचवणारे कार्बन झिजले असतील, सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, आतला कॉन्टॅक्ट जळला असेल, नाहीतर इंजिनाची अर्थिंग गेली असेल. मामाने पान्याने सेल्फच्या अंगावर हलकेच टकटक केली. झिजून आखूड झालेला कार्बन अशाने कधीकधी पुन्हा टेकतो. आज नाही टेकला.

मग धक्का. पंपावरची दोन पोरं आली आणि शेजारी हवा भरायला थांबलेला एक रिक्षावालाही आला. गिअर स्टिअरिंगला पाहून एक पोरगा म्हणाला, “ताई, हे काय आहे?” त्याचं वय बघता प्रश्न रास्तच होता. काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे जाऊनही आता काळ लोटला. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली, टॅक्सीला मुदत वीस वर्षांची, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली. चावी ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग धरला की क्लच पटकन सोडायचा आणि इंजिन पेटताच पुन्हा दाबायचा. फर्स्ट टाकला तर चाकं आचका देऊन अडतात, म्हणून सेकंड. कार्ब्युरेटर, पॉइंट, इंजिनानेच चालणारा पेट्रोल पंप असं सगळं जुनं असल्यामुळे १०८९ सीसीचं ते इंजिन लगेच फुरफुरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहाचे पैसे रिक्षावाल्याने घेतले नाहीत, पोरांनी घेतले.

खरी गंमत पुढे. सेल्फ गेलेली गाडी चालताना अगदी निरोगी असते. तिला काहीही झालेलं नाही, फक्त बंद करायची नाही! एरवी मी सिग्नलला इंजिन बंद करते. आज प्रत्येक सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय, आणि मामा शेजारून “सोडू नकोस, सोडू नकोस.” तुर्भ्याला ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा तापमानाचा काटा चढायला लागला. या गाडीचा पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू, आणि उभ्या गाडीला समोरून वारा नाही. थंड करायला बंद करावं तर पुढे परत धक्का मारायला माणसं कुठून आणू? उभ्या उभ्याच जरा रेस केली, पंखा आणि वॉटर पंप जोरात फिरले, काटा तिथेच थांबला. खाली आला नाही, पण थांबला. मामाने खिडकीतून हात बाहेर काढून पुढच्या ट्रकला काहीतरी खुणावलं. त्याचा उपयोग काय झाला ते देव जाणे.

या रस्त्याने मी कितीदा तरी गेलेय, पण तो इतका सपाट आहे हे आज पहिल्यांदा जाणवलं. चढउतार आहेत ते उड्डाणपुलांवर, आणि पुलावर गाडी ठेवून जेवायला जाता येत नाही. मग मावशीचं घर आठवलं. आर्टिस्ट व्हिलेज पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आहे. ऐंशीच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी ती बैठी घरं अंगणांभोवती रचली, त्याचं कौतुक वास्तुकलेची मुलं करतात. मी आज तिथल्या रस्त्यांच्या उताराचं केलं. डोंगराच्या बाजूला थोडं वर चढून गाडी वळवली, नाक खाली करून उभी केली, रिव्हर्स गिअर टाकला, चाकं कडेला वळवली आणि पुढच्या टायरखाली वीट सारली.

मावशी दारातूनच म्हणाली, “अगं, एवढ्या लांब कशाला लावलीस? इथे जागा आहे की!”

“तिथे उतार नाहीये, मावशी.”

ती मामाकडे बघून म्हणाली, “हिच्यात तुझंच रक्त आहे.”

अळूचं फदफदं झकास झालं होतं. मला मात्र दर घासाला वाटत होतं, आपल्यापुढे दुसऱ्या कुणी गाडी लावली तर? लावली नव्हती. निघताना वीट काढली, हँडब्रेक सोडला, थोडी घरंगळू दिली, सेकंड, क्लच, झालं. मामा म्हणाला, “सेल्फ हवाय कशाला?” त्याला ढकलावं लागलं नव्हतं ना.

ठाण्यात सोसायटीच्या रॅम्पवर तोंड खाली करून लावलीय. वॉचमनने विचारलं, किती वेळ. म्हटलं, मंगळवारपर्यंत. सेक्रेटरींचा फोन अजून आलेला नाही.

मंगळवार

जुन्या फियाट खोलणारे ऑटो इलेक्ट्रिशियन कमी होत चाललेत. टॅक्सी होत्या तोवर सेल्फ, डायनॅमो, डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) खोलणारा दर नाक्यावर भेटायचा. आमच्या इलेक्ट्रिशियन चाचांनी आधी एकच विचारलं, “चोकची केबल गरम होते का?” इंजिनाची अर्थिंग पट्टी खराब असली की करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून जातो. ती तापते, कधी धूरही येतो. आमची गरम होत नव्हती. तरी पट्टी काढल्यावर एका टोकाला हिरवी निघाली. खाडीची हवा, दुसरं काय.

मुख्य दोष कार्बनचाच. झिजून नखाएवढे राहिले होते, स्प्रिंग दाबायला काही उरलंच नव्हतं. कार्बन ज्याच्यावर टेकतात तो कॉम्युटेटर काळा पडलेला, तो त्यांनी लेथवर साफ करून आणला. बुशही ढिले झाले होते, ते बदलले. ढिल्या बुशमुळे आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा भाग, आत घासतं आणि मग नवे कार्बनही फार टिकत नाहीत. कार्बन, बुश, नवी अर्थिंग पट्टी, सगळं दुपारपर्यंत उरकलं.

सेल्फ बसवायच्या आधी चाचांनी टॉर्च मारून फ्लायव्हीलची रिंग दाखवली, जिच्या दातांना धरून सेल्फ इंजिन फिरवतो. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक दोन जागांपाशीच थांबतं, म्हणून दातही तिथलेच खाल्ले जातात. आमचे खाल्ले गेलेत. बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तोवर सेल्फ नुसता घरघरला आणि इंजिन फिरलं नाही, तर इग्निशन बंद करून टॉपला टाकायची आणि गाडी मागेपुढे ढकलायची, रिंगचे दुसरे दात समोर येतात.

गिअरबॉक्स आत्ता उतरवायचा नाही, असं ठरवलंय. पावसाळा संपला की बघू. मामाला फोन केला तर म्हणाला, “बघू नकोस, तारीख घे त्याच्याकडून.” चाचा तारीख देत नाहीत. “ले आना,” एवढंच म्हणतात.