डब्यात किती बोटं?

जून लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. एक सोसायटीच्या ग्रुपवर, खडकवासला धरणातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं त्याचा. आम्ही सिंहगड रोडला राहतो, 25 जुलै 2024 ला एकता नगरीत पाणी घुसलं तेव्हापासून इथली सहावीतली पोरंसुद्धा क्युसेकमध्ये बोलतात. आणि दुसरा मेसेज आईचा, भोरच्या पुढे घाटाकडं आमची वाडी आहे तिथून. त्यात फक्त एवढंच असतं, "तीन बोटं."

तर हे बोटांनी पाऊस मोजायचं प्रकरण काय ते सांगते, कारण ऑफिसात एकदा आईचा फोन स्पीकरवर राहिला आणि सगळ्यांना वाटलं कुणाची तरी बोटं तुटली.

आमची वाडी म्हणजे अकरा घरं, मागं डोंगर, बाजूनं ओढा. लहानपणी या डोंगराची कधी भीती वाटली नाही. 30 जुलै 2014 ला माळीण दरडीखाली गेलं तेव्हा पहिल्यांदा वाटली. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं, दीडशेवर माणसं गेली आणि बाहेर कळलं कसं, तर एसटीच्या ड्रायव्हरला जिथं गाव असायचं तिथं गावच दिसेना. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण आमच्या वाडीलाही बाहेरचं माणूस म्हणजे सकाळची एसटी आणि दुधाची गाडी एवढंच. मग 2021 ला महाडकडं तळिये, 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतसुद्धा नव्हती असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. मग आमचं नाव यादीत आहे का नाही हे शोधत बसण्यात मी अर्धा दिवस घालवला तो वायाच की.

त्या वर्षी मी पुण्यातून एक बॅग भरून नेली. नेटवर यादी असते ना, टॉर्च, शिट्टी, पावर बँक, बिस्किटं, औषधं, तसली. आईनं बॅग बघितली, "चांगलीय" म्हणाली आणि कपाटावर टाकली. दिवाळीला गेले तर टॉर्चमधले सेल टीव्हीच्या रिमोटात होते, बिस्किटं भाच्यांनी खाल्लेली आणि शिट्टी शेतात पाखरं हाकायला. राग आला पण चूक माझीच होती. बॅग कधी उचलायची हे कुणी ठरवलंच नव्हतं, मग ती उचलणार कोण?

खरा प्रश्न तोच आहे. रात्री दोन वाजता धो धो पाऊस, लाइट गेलेली, रेंज नाही, दादा शिरवळच्या कंपनीत नाइट शिफ्टला, घरात आई, आप्पा (दोन्ही गुडघे गेलेले), वहिनी आणि दोन पोरं. "चला, निघायचं" हे म्हणायचं कुणी? आप्पा म्हणणार बघू सकाळी. आई म्हणणार म्हशीला सोडून कुठं जाऊ. वहिनी सासू-सासऱ्यांपुढं बोलणार नाही. आणि वरून हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट तर जुलैत दर दोन दिवसांनी असतोच. त्यांचीही चूक नाही, ते पुण्याच्या घाटाचा अंदाज आता वेगळा देतात, पण घाट म्हणजे जुन्नरपासून आमच्यापर्यंत, या डोंगरात धो धो आणि पलीकडच्या खोऱ्यात भुरभुर असं आम्ही कैकदा बघितलंय. आपल्या डोक्यावर नेमकं किती पडलं हे आपल्यालाच मोजायला पाहिजे.

म्हणून डबा. सरळ बाजूचा, वर आणि खाली सारखाच रुंद असलेला स्टीलचा डबा उघड्यावर ठेवला, पागोळ्यांपासून आणि झाडापासून लांब, की तोच पर्जन्यमापक. जेवढी उंची भरली तेवढा पाऊस. बादली चालत नाही, ती खाली निमुळती असते. मी पट्टीसुद्धा दिली होती, पण आईनं ती बाजूला ठेवून बोटं बुडवली. चार बोटं आडवी म्हणजे साधारण सात सेंटीमीटर, सत्तर मिलीमीटर. आता गंमत बघा, हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलीमीटरच्या वर गेलं की मुसळधार म्हणतं आणि 115.6 च्या वर अतिमुसळधार. म्हणजे आईची चार बोटं म्हणजे मुसळधार आणि आठ बोटं, दोन पंजे, म्हणजे अतिमुसळधार. मला हे इतकं आवडलं की मी दोनदा मोजून बघितलं. डबा रोज सकाळी साडेआठला रिकामा करायचा, खात्याचा दिवसही तिथंच संपतो आणि आमचं दूधही तोवर डेअरीत गेलेलं असतं.

आप्पांना मिलीमीटर पटत नव्हते, त्यांना मी टँकरनं समजावलं. एका गुंठ्यावर 100 मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो तो दहा हजाराचाच. म्हणजे डोंगराच्या प्रत्येक गुंठ्यावर एकेक टँकर ओतला, एकराला चाळीस. त्यातलं काही वाहून जातं, बाकीचं मातीत मुरतं, माती जड होते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. "आणि दुसऱ्या दिवशी परत चाळीस," मी म्हणाले. आप्पा नुसते डोंगराकडं बघत बसले.

चार बोटांना निघायचं असं मी आधी सुचवलं होतं, ते आईनं लगेच उडवलं. "आगं चार बोटं तर आषाढात कवाबी पडतं, मी काय रोज बिऱ्हाड पाठीवर घेऊ?" मग भांडून ठरलं ते असं. चार बोटं झाली की तयारीत झोपायचं, सलग दोन दिवस आठ बोटं झाली की तिसऱ्या रात्री घरात झोपायचंच नाही. हा काही शास्त्रीय आकडा नाही, आमच्या घरापुरता आहे, तुमच्याकडचा तुमच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवा. आणि डब्यात काहीही असो, जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, घराचं दार अचानक अडकायला लागलं, नसलेल्या जागी झरा फुटला, तर लगेच निघायचं. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं तर सगळ्यात वाईट, म्हणजे वर कुठंतरी माती येऊन अडलंय. हे शेवटचं आईला माहीत होतं, मला पुस्तकातून कळलं.

जायचं कुठं, तर सगळे म्हणाले शाळेत. पक्की इमारत, सगळं खरं, पण शाळा ओढ्याच्या पलीकडं आणि मधला फरशी पूल पहिला पाण्याखाली जातो! इतकी वर्षं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी बोलली ते, तेही हळू आवाजात, पोरांचा टिफिन भरता भरता. आता भैरवनाथाचं देऊळ ठरलंय, अलीकडच्या माळावर, उतारापासून लांब. तिथं पत्र्याच्या पेटीत सतरंज्या, मेणबत्त्या, गूळ-शेंगदाणे असं वाडीनं मिळून ठेवलंय.

म्हशीचा प्रश्न सोपा वाटला होता, सोडायची आणि हाकलायची. तर मी एकदा भर पावसात अंधारात दावं सोडून बघितलं. नाही सुटत. नायलॉनची दोरी, ओली गाठ, म्हैस ओढ देतीये, माझी दोन नखं तुटली. आता गोठ्याच्या खुंटीला एक विळा कायम टांगलेला असतो, तो गवताला वापरायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो, घराचे चारी बाजूंनी फोटो, सातबारा, रेशन कार्ड, पासबुक, आधार, सगळं दादाच्या आणि माझ्या फोनमध्ये. झेरॉक्स लोणच्याच्या बरणीत, दारामागं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात गोठ्याचे पत्रे उडाले होते तेव्हा पंचनाम्याला आधीचा एक फोटो निघाला नव्हता. पत्र्यांवर ठेवलेले दगडही तेव्हाच खाली आले, एक आप्पांच्या खाटेशेजारी. त्यानंतर पत्र्यांना 'J' आकाराचे हूक मारून घेतलेत, वर दगड नाही.

विजेसाठी दामिनी ॲप वहिनीच्या फोनवर टाकलंय, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचंच आहे, 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर दाखवतं. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात वहिनी ते बघून रानातून बायकांना हाका मारते, आंब्याखाली थांबू देत नाही. बायका आधी हसायच्या.

अडलंय ते एकाच घराशी. वाडीतलं डोंगराला सगळ्यात खेटून असलेलं घर तात्यांचं, एकटे राहतात, वय ऐंशीच्या पुढं. "आमच्या चार पिढ्या हितं गेल्या, डोंगर आम्हाला वळखतो" म्हणतात. त्यांना समजवायला दादा गेला, सरपंच गेले, मीही गेले, चहा पिऊन परत आलो. मागच्या आठवड्यात आईनं काय केलं, दुसरा एक डबा घेतला आणि तात्यांच्या अंगणात नेऊन ठेवला, म्हणाली माझे डोळे आता धड चालत नाहीत, तुम्ही तेवढं मोजून सांगत जा.

आता सकाळी पावणेनऊला मला दोन मेसेज येतात. आज आईची अडीच बोटं आहेत, तात्यांची तीन. त्यांची बोटं बारीक आहेत म्हणून की डोंगराकडं जास्त पडतंय, यावर दोघांची सकाळपासून जुंपलीय.