नव्या पिढीचा कन्सोल केव्हा यावा?

व्हिडिओ गेमविषयी मी लिहितो हे ठाऊक असलेली माणसे मला एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारतात. कोणी विचारतो, सोनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, येऊन इतकी वर्षे झाली, मग सहावा कधी? कोणाची आई विचारते, मुलगा हट्ट धरून बसला आहे, तर आत्ताच घेऊन द्यावा की पुढचा येईपर्यंत थांबावे? ज्यांना या धंद्यातच रस आहे ते विचारतात, की कन्सोलच्या दोन पिढ्यांमध्ये नेमके किती वर्षांचे अंतर असावे. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझे उत्तर वर्षांच्या आकड्यात बसत नाही. जुने यंत्र स्वस्त होऊन उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचले, ज्यांनी ते सुरुवातीला भारी किमतीत घेतले त्यांना त्याचा पुरेपूर मोबदला मिळाला, आणि गेम तयार करणाऱ्यांची त्या यंत्रावर खरोखरच कोंडी होऊ लागली, की नवी पिढी यावी. त्याआधी येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पाच-सात वर्षांचा हिशेब लोकांच्या मनात बसला आहे तो इतिहासामुळे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आला आणि सुपर फॅमिकॉम 1990 साली. सोनीचे प्लेस्टेशन 1994, 2000, 2006, 2013 आणि 2020 या वर्षी आले. हे अंतर कोणी पंचांग पाहून ठरवलेले नव्हते. तेवढ्या काळात चिप इतक्या स्वस्त आणि दाट होत असत, की त्याच किमतीत कित्येक पटींनी सामर्थ्यवान यंत्र विकता येई. मेमरीचे आकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी 2 मेगाबाइट होती, दुसऱ्याची 32, तिसऱ्यात दोन भागांची मिळून 512 आणि चौथ्यात 8 गिगाबाइट, म्हणजे दर पिढीला बरोबर सोळा पट. पाचव्यात ती 16 गिगाबाइट आहे, म्हणजे जेमतेम दुप्पट. ज्या झेपेवर जुना हिशेब उभा होता ती झेपच मंदावली आहे, आणि तरीही आपण त्याच हिशेबाने पुढची तारीख विचारतो.

किमतीचेही तेच झाले आहे. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 2000 साली 299 डॉलरला आला, 2002 साली 199 डॉलरवर उतरला आणि 2009 साली 99 डॉलरला मिळू लागला. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये 49,990 रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची किंमत 54,990 रुपये झाली; अमेरिकेतही ऑगस्ट 2025 मध्ये ती 50 डॉलरने वाढली. बाजारात येऊन जवळपास पाच वर्षे झाल्यावर कन्सोल महाग व्हावा, हे पूर्वी ऐकिवात नव्हते. आपल्यासारख्या देशातल्या वाचकाने याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण पिढीची सुरुवातीची वर्षे श्रीमंत बाजारपेठांची असतात आणि आपला वाटा नेहमी तिच्या उतरत्या वर्षांत असतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांमध्ये टीव्हीला जोडून, कॅसेट खोचून जो ‘व्हिडिओ गेम’ खेळला जाई, तो बहुतेक वेळा 1983 च्या फॅमिकॉमची नक्कल असे. पूर्णपणे भारतात तयार झालेल्या पहिल्या कन्सोल गेमांपैकी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ 2009 साली निघाला, तो प्लेस्टेशन 2 साठी. तोवर प्लेस्टेशन 3 जगाच्या बाजारात येऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, पण इथल्या घरांत परवडणारे यंत्र प्लेस्टेशन 2 हेच होते. सोनीने त्याचे उत्पादन 2013 पर्यंत सुरू ठेवले नसते, तर या देशातल्या फार मोठ्या वर्गाची कन्सोलशी ओळखच झाली नसती.

वेळ चुकली म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर सेगा या जपानी गेम कंपनीकडे पाहावे. अमेरिकेत सेगाचा जेनेसिस हा कन्सोल निन्टेन्डोच्या तोडीस तोड खपत होता. नोव्हेंबर 1994 मध्ये सेगाने त्याच जेनेसिसवर बसवायचे ‘थर्टी-टू एक्स’ नावाचे जोडयंत्र तिथे 159 डॉलरला विकायला काढले, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हा संपूर्ण नवा कन्सोल आणला. ज्या अमेरिकी पालकांनी त्या नाताळात मुलांना हे जोडयंत्र घेऊन दिले, त्यांचे पैसे सहा महिन्यांत पाण्यात गेले. 11 मे 1995 रोजी लॉस एंजेलिस येथील ई-थ्री या व्हिडिओ गेमांच्या पहिल्या प्रदर्शनात सेगाचे अमेरिकेतील प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनी जाहीर केले, की 2 सप्टेंबरला येणार म्हणून सांगितलेला सॅटर्न आजपासूनच निवडक दुकानांत 399 डॉलरला मिळेल. ज्या दुकानदारांच्या वाट्याला माल आला नाही ते संतापले, आणि केबी टॉइज या दुकानांच्या साखळीने तर सेगाचा माल ठेवणेच बंद केले. सप्टेंबरच्या तारखेवर विसंबून काम करणाऱ्या बाहेरच्या गेम कंपन्यांचे गेम तयार नव्हते, त्यामुळे नव्या यंत्रावर खेळायला मोजकेच गेम होते. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, त्यांनी ‘299’ एवढाच आकडा उच्चारला आणि ते खाली उतरले. तो प्लेस्टेशनचा भाव होता.

सेगाने चार महिने आधी येऊन काय मिळवले, तर दुकानदार, गेम तयार करणारे आणि गिऱ्हाईक या तिघांचाही विश्वास गमावला. पुढचा ड्रीमकास्ट उत्तम यंत्र होते. इंटरनेटसाठी मोडेम त्यात आधीच बसवलेला होता, आणि 9 सप्टेंबर 1999 रोजी अमेरिकेत त्याची विक्रीही धडाक्यात सुरू झाली. पण पोळलेले गिऱ्हाईक प्लेस्टेशन 2 ची वाट पाहत थांबले. जानेवारी 2001 मध्ये सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. घाईची किंमत पुढच्या पिढीत वसूल होते, हे मला यातून पटलेले आहे.

उशीर मात्र नेहमीच निर्दोष असतो, असे मी म्हणत नाही. निन्टेन्डोचे वी हे यंत्र दहा कोटींहून अधिक खपले, पण शेवटच्या दोनेक वर्षांत त्यावर नवे काही येईनासे झाले आणि घराघरांत हाय-डेफिनिशन टीव्ही आलेले असताना त्याचे चित्र धूसर दिसू लागले. 2012 साली वी-यू आला तेव्हा तो गिऱ्हाईक निघून गेला होता. वी-यू दीड कोटीचा पल्लाही गाठू शकला नाही. याउलट त्याच कंपनीचा स्विच मार्च 2017 मध्ये आला आणि स्विच 2 थेट जून 2025 मध्ये. आठ वर्षे थांबवूनही गिऱ्हाईक तुटले नाही, कारण मधल्या काळात गेम येत राहिले आणि बहुतेक जुने गेम नव्या यंत्रावर चालणार होते. पहिल्या चार दिवसांतच स्विच 2 ची 35 लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. मला ठाऊक असलेल्या उदाहरणांत वेळेचा इतका नेमका अंदाज क्वचितच कोणाला आला असेल.

आता कोंडीविषयी, कारण खरी खूण तीच आहे. प्लेस्टेशन 4 च्या उत्तरार्धातले मोठे साहसी गेम आठवून पाहा. नायक दोन खडकांमधल्या चिंचोळ्या फटीतून अंग चोरत, आडवा होऊन हळूहळू सरकतो आहे, आणि तेवढ्या वेळात आपल्याला करण्यासारखे काहीच नसते. अनेक ठिकाणी ही फट कथेची गरज म्हणून नव्हे, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला पुढचा प्रदेश मेमरीत आणायला अवधी मिळावा म्हणून ठेवलेली असे. लिफ्ट, जड दरवाजे, लांबलचक बोगदे यांचे कामही बऱ्याचदा तेच असे. गेमचा नकाशा आखणाऱ्याला डिस्कच्या वेगाप्रमाणे भिंती उभ्या कराव्या लागतात, तेव्हा यंत्र संपले असे समजावे. 2020 साली आलेल्या अतिवेगवान एसएसडीने, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कने, ही अडचण सोडवली, आणि म्हणून ती पिढी वेळेवर आली असे मी मानतो.

आजच्या यंत्रावर तशी भिंत मला दिसत नाही. उलट या यंत्राचा पुरता वापरच उशिरा सुरू झाला. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’सारखा सोनीचा स्वतःचा मानाचा गेम नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे नवे यंत्र येऊन दोन वर्षे झाल्यावर, जुन्या प्लेस्टेशन 4 साठीही निघाला. शिवाय गेम तयार व्हायलाच आता फार काळ लागतो. नॉटी डॉग या एकाच स्टुडिओने प्लेस्टेशन 3 च्या काळात, 2007 ते 2013 दरम्यान, चार मोठे नवे गेम दिले; प्लेस्टेशन 5 ची पहिली पाच वर्षे त्यांचा एकही संपूर्ण नवा गेम न येता सरली. एक गेम घडवायला पाच-सहा वर्षे लागत असतील, तर सात वर्षांच्या पिढीत एखाद्या स्टुडिओला त्या यंत्राची ओळख होते न होते तोच ते मोडीत निघते. मला तर पिढीची अखेरची वर्षेच सर्वांत रसाळ वाटत आली आहेत. 2013 साली प्लेस्टेशन 3 निवृत्तीला आला असताना त्यावर ‘द लास्ट ऑफ अस’ आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ हे दोन्ही गेम आले, ते त्या अवघड यंत्राचा कोपरा न् कोपरा माहीत झाल्यानंतर.

सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबर चाललेल्या कामाविषयी बोलताना पुढचा कन्सोल काही वर्षांतच येईल, असे सूचित केले. त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने मेमरीचे भाव झपाट्याने चढले. अशा वेळी घाई केली तर दोनच गोष्टी होऊ शकतात: यंत्र महाग होईल, किंवा त्यात मेमरी कमी घातली जाईल आणि ती उणीव पुढची सात-आठ वर्षे सोसावी लागेल. म्हणून 2028 च्या अखेरीपूर्वी प्लेस्टेशन 6 येऊ नये, आणि 2029 उजाडले तरी तक्रार करू नये, असे मला वाटते. तो येईल तेव्हा आजचे गेम त्यावर चालले पाहिजेत, आणि आजचे यंत्र कमी किमतीत निदान चार वर्षे तरी दुकानात राहिले पाहिजे.

मुलासाठी विचारणाऱ्या आईला मी सांगतो, की त्याला आज हवे असलेले चार-पाच गेम आज मिळत असतील आणि घरच्या खर्चात ते बसत असेल, तर आत्ताच घ्या. नव्या पिढीचे पहिले वर्ष कोणासाठी थांबावे असे नसते: भाव चढा, गेम थोडे आणि यंत्रातले दोष अजून उघड व्हायचे असतात. एक्सबॉक्स 360 नोव्हेंबर 2005 मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या वर्षभर आधी आला, आणि लाल दिवे लागून बंद पडणाऱ्या यंत्रांची वॉरंटी वाढवण्यासाठी मायक्रोसॉफ्टला 2007 साली एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. प्लेस्टेशन 6 पहिल्या दिवशी घेण्याऐवजी त्याच्या दुसऱ्या वर्षी घ्या; तोवर मुलगाही, कोणते गेम खरोखर हवेत, हे स्वतः सांगू लागला असेल.